सामायिक मेलबॉक्समधून गेलेलं पत्र

आवक विभागाच्या मेलबॉक्समधलं ते पत्र बाईंनी पुसलं नव्हतं. ते माझ्यामुळे गेलं. एवढं एक वाक्य मी वीस-बावीस वर्षांपूर्वी चौकशीच्या दिवसांत बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, म्हणून आज इतकी पानं लिहावी लागताहेत.

नागपुरातल्या एका संस्थेत मी संगणक विभाग सांभाळत होतो. आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून हातमाग. वडील लुगडी विणत आणि गांधीबागेच्या बाजारात नेऊन देत. मी काय काम करतो हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "दिवसभर बसूनच राह्यतो, तरी तुले सर म्हणतात?" असं ते हसत विचारायचे. सर म्हणत हे खरं होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटणारं आमचं युनिक्सचं मशीन होतं, आणि त्याच्याशी बोलता येणारा अख्ख्या इमारतीत मी एकटाच होतो. मी जे सांगेन ते तपासून बघणारं कोणी नव्हतं. हे मला फार आवडायचं.

सर्व्हरच्या खोलीत एसी होता. एप्रिल लागला की काहीतरी काम काढून लोक तिथे येत आणि भिंतीला टेकून उभे राहत. बाई मात्र काम काढत नसत. आवकची जाड नोंदवही छातीशी धरून सरळ आत येत आणि म्हणत, "पाच मिनिटं बसते सर. बाहेर कूलर नुस्ती गरम हवा फेकून राहिला."

त्या आवक-जावक लिपिक होत्या. माहेर मिरचीच्या भिवापूरचं, त्यामुळे त्यांच्या डब्यातल्या ठेच्याला दोन घास खाऊन डोळे पुसावे लागत. दुपारी आम्ही सात-आठ जण एका लांब टेबलावर जेवायचो. ठेच्याची वाटी मधोमध असे. टपाल हाताळण्याची त्यांची एक पद्धत होती. पाकिटातून आलेलं पत्र असो की ईमेल, आधी ते कागदावर घ्यायचं, नोंदवहीत क्रमांक टाकायचा, तोच क्रमांक कागदावर लिहायचा आणि मगच ईमेल पुसायचं. ईमेलला आवक क्रमांक देतात म्हणून तरुण प्राध्यापक त्यांची थट्टा करत. "कम्प्युटरवर काय भरोसा?" असं त्या म्हणत आणि माझ्याकडे बघून हसत. मीही हसायचो.

आता ते मशीनचं सांगतो. बाईंनी बजावलंय की साध्या भाषेत सांगायचं. तसा प्रयत्न करतो.

तेव्हा आमच्याकडे मेलबॉक्स म्हणजे एक लांबलचक फाइल असायची. पत्रं एकाखाली एक जोडलेली. नवं पत्र आलं की सर्व्हर ते फाइलीच्या शेवटी चिकटवायचा. मधलं एखादं पुसायचं झालं तर वाचणारा प्रोग्राम अख्खी फाइल उचलून घ्यायचा, नको ते गाळायचा आणि उरलेलं सगळं पुन्हा लिहून काढायचा. हे लिहिणं चालू असताना नेमकं नवं पत्र आलं, तर ते शेवटी चिकटणार आणि पुढच्या क्षणी त्याच्यावरून जुनी प्रत लिहिली जाणार. पत्र आलं होतं याचा मागमूसही उरणार नाही. असं होऊ नये म्हणून लॉक असतो. लॉक म्हणजे मेलबॉक्सच्या शेजारी ठेवलेली त्याच नावाची एक रिकामी फाइल. 'माझं काम चालू आहे, जरा थांबा' एवढाच तिचा अर्थ. आमच्या मोहल्ल्यातल्या सार्वजनिक नळावर बायका रिकामी बादली रांगेत ठेवून घरी जात. ती सरकवायला कोणाचीही ताकद पुरेल, पण कोणी सरकवत नसे. मेलचा लॉक तसाच. सगळे प्रोग्राम त्याला मानतात, एवढंच त्याचं बळ.

आवक विभागाचा मेलबॉक्स सामायिक होता. बाईही तो उघडत आणि प्रबंधकांच्या कार्यालयातूनही तो उघडला जाई. आता लॉक ठेवायचा तर ज्या डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात, सगळे मेलबॉक्स असतात तिथे फाइल ठेवायची परवानगी हवी. ती नीट द्यायची रीत आहे. मेलचा वेगळा ग्रुप करायचा, लॉक ठेवण्या-उचलण्याचं काम करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामलाच त्या ग्रुपचा अधिकार द्यायचा आणि बाकी कोणाला द्यायचा नाही. हे करायला दोन दिवस लागले असते. मी पाच सेकंदांत डिरेक्टरी सगळ्यांना मोकळी केली. आमच्या धंद्यात त्याला तीन वेळा सात म्हणतात. मालकाला सगळं, ग्रुपला सगळं, जगाला सगळं. एकाने ठेवलेलं दुसऱ्याने उचलू नये म्हणून आणखी एक खूण लावता येते, तीही मी लावली नाही.

मग उन्हाळ्यात वीज जाऊ लागली. सर्व्हरला बॅटरी होती, टेबलांवरच्या मशीनना नव्हती. बाईंचं मशीन काम अर्धवट टाकून बंद पडे आणि त्याने सर्व्हरवर ठेवलेला लॉक तसाच राही. धनी निघून गेला आणि बादली रांगेत. नवी पत्रं खोळंबत. बाई फोन करत, "सर, टपालाचा डबा पुन्हा रुसला." मी उठून तो लॉक हाताने पुसत असे. दिवसातून तीनदा, चारदा. एका दुपारी जेवणातून उठावं लागलं तेव्हा मी वैतागलो आणि तीन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा हुकूम, लिहिली. दर पाच मिनिटांनी त्या डिरेक्टरीतले सगळे लॉक पुसायचे. कोणता मेलेला, कोणता जिवंत, हे बघायचं नाही. सरसकट पुसायचे.

फोन बंद झाले. बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताले गुण आहे सर."

याच सुमारास टेबलावर एक भांडण झालं. आमच्यात प्रयोगशाळेतले एक सहायक होते. उंच, बोलके, उमरेडकडचे. त्यांनी रजेचा अर्ज उशिरा दिला होता आणि तो आठ दिवस आधीच्या तारखेने आवकमध्ये घ्या म्हणून बाईंच्या मागे लागले होते. बाईंनी सगळ्यांसमोर नाही म्हटलं.

"एक लाइन तं टाकाची आहे वं बाई! त्याच्यात तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं?"

"बापाचं काही जात नाही. माह्या वहीचं जाते."

सगळे हसले. सहायक हसले नाहीत.

त्यानंतर महिनाभरात, बंगलोरच्या एका संस्थेकडून त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं यायचं होतं. उपकरणं दुरुस्त करण्याचं प्रशिक्षण. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं धडपड केली होती. स्वतःचा ईमेल नसल्यामुळे पत्ता आवक विभागाचा दिला होता. पत्र येईना, म्हणून त्यांनी फोन केला. पलीकडून सांगितलं की पत्र केव्हाच पाठवलं, आठ दिवसांत उत्तर मागितलं होतं, ते आलं नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली.

प्रबंधकांनी चौकशी लावली. मला सर्व्हरची आपोआप होणारी नोंद, म्हणजे लॉग, आणायला सांगितला. लॉगमध्ये स्पष्ट होतं. अमुक वाजता पत्र आलं, आवकच्या मेलबॉक्समध्ये जमा झालं. त्या वेळी मेलबॉक्स बाईंनी उघडलेला होता आणि त्या जुनी पत्रं पुसत होत्या.

बाई नोंदवही घेऊन उभ्या होत्या. "साहेब, मी आधी नंबर टाकते, मग पुसते. पाहा, नंबरात कुठे खाडा नाही. ते पत्र माह्यासमोर आलंच नाही."

"लॉग तर म्हणतो की आलं," प्रबंधक म्हणाले. "कम्प्युटर कशाला खोटं बोलेल? त्याचं कोणाशी भांडण आहे का?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाईंशिवाय त्या मेलबॉक्सला कोण हात लावू शकतं?"

याचं खरं उत्तर होतं, इमारतीत ज्याचं खातं आहे तो प्रत्येक जण. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हणालो, "त्या वेळी लॉगिन बाईंचंच होतं."

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. मी ते कितीतरी वेळा तपासून पाहिलंय.

त्या क्षणी स्क्रिप्टचं मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचणाऱ्याने ठरवावं. दोन दिवसांनी मी सहज त्या डिरेक्टरीची यादी पाहत होतो. बाईंच्या प्रोग्रामने ठेवलेला लॉक दिसला. पुन्हा यादी काढली तर लॉक नव्हता, आणि त्यांचं मशीन अजून फाइल लिहीतच होतं. घड्याळ पाहिलं. काटा बरोबर पाच मिनिटांच्या खुणेवर. दार लावून मी एक खोटा मेलबॉक्स तयार केला, खूप मोठा. तो लिहिला जात असताना त्यात पत्रं टाकत गेलो. तिसरं पत्र नाहीसं झालं. लॉगमध्ये मात्र ते जमा झालेलं दिसत होतं.

म्हणजे बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पत्र त्यांच्यासमोर आलंच नव्हतं. त्यांनी दुसरंच काही पुसलं, आणि त्यांच्या प्रोग्रामने परत लिहिलेल्या प्रतीखाली ते गाडलं गेलं, कारण थांबा म्हणणारी खूण मी उचलून फेकली होती.

मी त्याच दिवशी स्क्रिप्ट काढून टाकली. ग्रुप केला, अधिकार नीट लावले, ती राहिलेली खूणही लावली. दोन दिवसांचं काम एका दुपारी झालं. देखभालीच्या वहीत मी लिहिलं, 'नेहमीची देखभाल.' खाली सही केली.

प्रबंधकांचं कार्यालय त्याच मजल्यावर होतं, माझ्या दारापासून वीस-पंचवीस पावलांवर. मी त्या दिशेने निघालोही होतो. वाटेत दोघा-तिघांनी "काय सर!" म्हणून हात केला आणि मी पाण्याच्या कूलरपाशी थांबून पाणी प्यायलो आणि परत आलो. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. कायम नोकरीतल्या माणसाला एवढ्यावरून कोणी काढत नाही. मला फक्त सर राहायचं होतं.

बाईंना लेखी ठपका मिळाला. त्यांची बदली मागच्या बाजूच्या अभिलेख कक्षात झाली, जिथे जुन्या फायलींचे गठ्ठे होते. पण त्यापेक्षा वाईट टेबलावर झालं. त्यांनी सूड म्हणून पत्र पुसलं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सहायक तर उघड म्हणत, "जळून राहिली होती ते. अर्ज घेतला नाही, अन् वरून माह्यी जिंदगी खाल्ली." बाई आल्या की बोलणं थांबायचं. ठेच्याची वाटी भरलेली परत जाऊ लागली. चार-पाच दिवसांनी त्या यायच्या थांबल्या. मी तिथेच जेवत होतो.

बाई सर्व्हरच्या खोलीत शेवटचं एकदा आल्या, तेव्हा हातात नोंदवही नव्हती. ती दुसऱ्याकडे गेली होती. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, खरं सांगा. तुम्हाले तं समजते यातलं. माह्या हातून चुकून तं नसन ना गेलं? मले काही आठवून नाही राहिलं. पण कदाचित दाबल्या गेलं असन."

मला तोपर्यंत सगळं कळलेलं होतं.

मी म्हणालो, "तसं होऊ शकतं, बाई."

त्यांनी मान हलवली. "हो, होऊ शकते," असं स्वतःशीच म्हणत त्या गेल्या. निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं त्यांनी अभिलेख कक्षात एकटीने डबा खाल्ला. निरोप समारंभ नको असं त्यांनी लेखी कळवलं होतं.

मी त्यांच्यानंतर निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. मनीषनगरला फ्लॅट घेतला. मुलगी लग्न होऊन परदेशी आहे. बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. आता दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे दूधवाला आणि लिफ्टमध्ये भेटणारे. कोणी सर म्हणत नाही, काका म्हणतात. ज्यासाठी एवढं केलं ते कधी संपलं हे माझ्या लक्षातही आलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे तीन माणसं सोडून बाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे. सोबत सून होती. सुनेने त्यांच्या फोनमधला एक धूसर फोटो दाखवून म्हटलं, "आई, हा काढून टाका ना, खराब आलाय." बाईंनी फोन निखारा हातात आल्यासारखा तिच्याकडे सरकवला.

"तूच कर वं. मी नाही करत ते पुसणं-बिसणं. माह्या हातून भलतंच काही पुसल्या जाते."

सून हसली, "आई नं, एक बटन तर आहे!" बाई हसल्या नाहीत.

मी ताट ठेवून निघून आलो.

घर शोधायला आठवडा गेला, आणि जायचं धैर्य यायला आणखी दोन. सकाळी अकराच्या सुमारास गेलो. त्यांनीच दार उघडलं. ओळखायला क्षण लागला. "सर? तुम्ही काहून आले?" मग सावरून, "या, बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. लॉक, स्क्रिप्ट, परवानग्या, सगळं एका दमात, आणि मध्येच कळलं की त्यांना यातलं काही समजत नाहीये. त्यांनी हात वर केला.

"थांबा. एवढंच सांगा. मी पुसलं का नाही पुसलं?"

"नाही पुसलं."

"चुकूनही नाही?"

"चुकूनही नाही. ते तुम्हाला दिसलंच नव्हतं. माझ्यामुळे गेलं."

त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"अजून एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"मी तुम्हाले विचाराले आली होती. आठवते?"

"आठवतं."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जुन्या पत्रावरचा अंधुक शिक्का वाचावा तशा. "लोकं म्हणत होते त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "लोकाईले मी मनात उत्तर देत होती. पण तुम्ही म्हटलं होऊ शकते, तेव्हापासून मी मले उत्तर देऊ नाही शकली. गॅस बंद केला तरी तीनदा पाह्यते मी. माहीत आहे तुम्हाले?"

मी माफी मागितली. तो शब्द त्यांनी ऐकलाच नाही असं मला वाटलं, किंवा ऐकून बाजूला ठेवला.

"मले सांगून झालं. आता त्याले सांगा," त्या म्हणाल्या. "ज्याचं पत्र होतं त्याले. अन् लिहून न्या. तोंडी नाही. साध्या भाषेत लिहा. ते कम्प्युटरची भाषा नको, त्या भाषेनंच माह्यं वाटोळं केलं."

चहाचं त्यांनी विचारलं नाही.

मी तीनदा लिहिलं. पहिल्या वेळी उगाच विजेला दोष दिला गेला. दुसऱ्या वेळी 'माझ्याकडून अनवधानाने' असं आलं. तिसऱ्या वेळी एका पानात बसलं. ते घेऊन उमरेड रोडला सहायकांकडे गेलो. तेही आता थकलेत, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मला पाहून खूष झाले. "या या सर! किती दिवसांनी! अवं, चहा टाक वं, आमचे सर आले!" मी कागद पुढे केला. चष्मा शोधून, ओठ हलवत त्यांनी तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चहा आला, त्याच्यावर साय धरली.

"म्हणजे तिनं नाही केलं."

"नाही."

"तिचा नवरा वारला तेव्हा मी गेलो नाही सर," ते म्हणाले. "तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. वाटलं, काहून जाऊ मी हिच्या दारात? तिथूनच वापस आलो." त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "ट्रेनिंग गेलं ते गेलं. ते मी विसरलो होतो. पण तिले मी टेबलावर काय काय नाही बोललो. तुम्ही तं बाजूलेच बसले राहत होते सर. पोळी खात."

"हो."

"अन् काहीच नाही बोलले?"

मी मान खाली घातली. आतून त्यांची बायको काहीतरी विचारत होती.

"तुम्ही जा आता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कागद राहू द्या."

त्याच पानाच्या प्रती मी त्या टेबलावरच्या हयात असलेल्या बाकीच्यांना पाठवल्या. एकाने फोन करून म्हटलं, जाऊ द्या हो, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरता. एकाने नुसता हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. बाकीच्यांनी काही कळवलं नाही. प्रबंधक तर आता नाहीतच.

पंधरा दिवसांनी सकाळी फोन वाजला. आवाजावरून ओळखलं.

"तो येऊन गेला," बाई म्हणाल्या. "बायकोले घेऊन आला होता. तो कागद माह्यापाशीच ठेवून गेला."

"काय म्हणाले?"

"ते आमचं आहे सर."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी टीव्ही लावला होता. घर भरलेलं वाटत होतं. मला वाटलं, आता विचारावं.

"बाई, मी येऊ का एखाद वेळी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"सध्या नको," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तं मी करीन फोन."

त्याला आता तीन महिने होत आले. मी फोनची वाट पाहत नाही असं लिहिणार होतो. पण या पानांत आणखी एक खोटं वाक्य नको. पाहतो.